आयोगाचा आदेश अधिकारी पाळत नाही, मग अवमान याचिका करावी का?

या आठवड्याचं पत्र शिरोळ तालुक्यातून आलं आहे. नाव, गाव आणि कार्यालय ओळखू येईल असा मजकूर काढून बाकीचं तसंच देते.

"मॅडम, सप्रेम नमस्कार. मी नदीकाठच्या गावात राहते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी शिरून दक्षिणद्वार झालं की आमच्याकडं भांडीकुंडी माळ्यावर चढायला लागतात. 2019 च्या महापुरात सासूबाईंच्या घराच्या दोन भिंती गेल्या, आढं मोडलं. पंचनाम्यात 'पूर्ण पडझड' लिहिलंय असं तोंडी सांगितलं होतं. मदतीच्या यादीत मात्र 'अंशतः' आलं. म्हणून पंचनाम्याची नक्कल आणि आमच्या गल्लीची यादी मिळावी यासाठी फेब्रुवारी 2022 मध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं नाही. पहिल्या अपिलात वरच्या साहेबांनी 'माहिती द्यावी' असं एका ओळीत लिहिलं, पण दिली कुणीच नाही. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडं केलं. सुनावणीला तीन वर्षं लागली. जून 2025 मध्ये आयोगानं आदेश दिला की पंधरा दिवसांत माहिती विनामूल्य द्या.

"तो आदेश घेऊन मी कार्यालयात गेले. दहा माणसांसमोर ते साहेब म्हणाले, 'आयोगाला काय आमाला जेलात घालायचा अधिकार हाय व्हय? जावा, काय करायचं ते करा.' मग महिन्यानं पत्र आलं की 2021 च्या पुरात अभिलेख भिजल्यानं माहिती उपलब्ध नाही.

"माझा मावसभाऊ वकिलांकडं कारकून आहे. तो म्हणतो, हा आयोगाचा अवमान आहे, हायकोर्टात अवमान याचिका टाक, सहा महिने आत जाईल. दुसरे म्हणतात, आयोगाला दातच नाहीत. आमचे हे म्हणतात, सोडून दे आता. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्यांना पैशाचं तितकं नाही. 'माझं घर पडलं नव्हतं असं लिहिलं तरी कुणी' एवढंच त्यांना बघायचंय. मी काय करू?"

ताई,

त्या साहेबांचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि त्या निम्म्याच्याच जोरावर ते दहा माणसांसमोर तसं बोलू शकले. ते निम्मं आधी नीट समजून घेऊ. ते कळलं नाही तर मावसभावाच्या सल्ल्यानं तुमचं आणखी एक वर्ष आणि वकिलाची फी वाया जाईल.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचला, तरी 'आयोगाचा अवमान केल्यास शिक्षा' असं वाक्य कुठंही सापडत नाही. कलम 19(7) सांगतं की आयोगाचा निर्णय बंधनकारक आहे. बंधनकारक निर्णय कुणी पाळलाच नाही तर त्याला धरून आणून तो पाळायला लावायचा कसा, हे मात्र कायद्यात वेगळं लिहिलेलं नाही. राज्य माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला आदेश मोडल्याबद्दल तुरुंगात पाठवू शकत नाही.

मावसभावाच्या मनात न्यायालयाचा अवमान अधिनियम, 1971 आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे उच्च न्यायालय आपल्या हाताखालच्या न्यायालयांच्या अवमानाबद्दल शिक्षा करू शकतं. उद्या जयसिंगपूरच्या न्यायाधीशांचा मनाई आदेश कुणी मोडला, तर तिथून उच्च न्यायालयापर्यंत वाट आहे. पण माहिती आयोग हे या अर्थानं हाताखालचं 'न्यायालय' आहे का? सर्वोच्च न्यायालयानं 3 सप्टेंबर 2013 च्या पुनर्विलोकन निकालात म्हटलं की माहिती आयोग करतात ते काम प्रशासकीय स्वरूपाचं आहे, न्यायदानाचं नाही. आयोगाचा आदेश मोडला म्हणून थेट अवमान याचिका चालेल का, हा तुमचाच प्रश्न कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आला होता. माहिती अधिकाराच्या कायद्यानं आयोगाला स्वतःची हत्यारं दिली आहेत, आयोगानं ती वापरावीत, अवमान याचिका चालणार नाही, असं त्या न्यायालयानं सांगितलं. कर्नाटकचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाला बांधून घेत नाही, हे खरं. तरी याचिका दाखल केलीत की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल पुढं करेल, आणि तुमची पहिली दोन-चार वर्षं जशी गेली तशीच पुढची जातील.

इतर ठिकाणी काय आहे ते बघितलं की ही उणीव जास्त बोचते. सरकारी नोकरांच्या बदल्या-बढत्यांचे वाद ज्या 'मॅट'मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, त्याला 1985 च्या कायद्याच्या कलम 17 नं अवमानाच्या बाबतीत उच्च न्यायालयाइतकेच अधिकार दिले आहेत. कंपन्यांच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणालाही 2013 च्या कंपनी कायद्यात तसा अधिकार आहे. ग्राहक आयोगाकडं अवमानाचं नाव नाही, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 72 आहे: आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बिघडलेल्या फ्रिजचे पैसे परत द्यायचा आदेश मोडला तर कैद होऊ शकते. स्वतःची बढती अडली तर तुमच्या त्या साहेबांना अवमानाचा अधिकार असलेलं न्यायाधिकरण मिळतं. गावातल्या म्हातारीच्या पंचनाम्यासाठी मात्र तसं काही नाही. कायदा करताना राहून गेलेली ही गोष्ट मला वर्षानुवर्षं खटकते, आणि ती मी सौम्य शब्दांत सांगणार नाही.

एकट्या तुमच्याच बाबतीत असं घडलंय असंही नाही. केंद्रीय माहिती आयोगानं 3 जून 2013 रोजी देशातले सहा राष्ट्रीय पक्ष माहितीच्या अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला. एकाही पक्षानं माहिती अधिकारी नेमला नाही. ना कुणी उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती आणली, ना आदेश पाळला. शेवटी 16 मार्च 2015 रोजी आयोगाच्या पूर्ण पीठानं लिहून ठेवलं की आमचा आदेश अंतिम आणि बंधनकारक आहे, तो पाळला गेलेला नाही, पण तो पाळून घेण्याची साधनं आमच्याकडं नाहीत. दिल्लीतल्या आयोगाची ही गत, तर तालुक्याच्या कचेरीत तुम्हाला काय ऐकावं लागलं असेल ते मी समजू शकते.

इंग्लंडचा माहिती कायदा 2000 सालचा. तिथंही माहिती आयुक्त स्वतः कुणाला अवमानाची शिक्षा देत नाही. पण आदेश पाळला गेला नाही तर तो तसं लेखी प्रमाणपत्र उच्च न्यायालयाला पाठवू शकतो, आणि मग न्यायालय चौकशी करून जणू आपलाच अवमान झाला असं समजून कारवाई करू शकतं. आयोगापासून न्यायालयापर्यंतचा रस्ता कायद्यातच आखून दिलेला आहे. आपल्या कायद्यात तो नाही, म्हणून आयोगाचा कागद उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत अर्जदाराला स्वतःच न्यावा लागतो. तुम्हाला तेच करायचं आहे. पण त्याआधी आयोगाकडची दोन-तीन कामं उरकून घ्या, ती पुढं फार उपयोगी पडतात.

आयोगाकडं पहिलं हत्यार कलम 20(1) चं. मुदतीत माहिती न देणं, माहिती देण्यात अडथळा आणणं, मागितलेली माहिती नष्ट करणं यासाठी जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये शास्ती, म्हणजे दंड, जास्तीत जास्त 25,000. हिशोब केला तर शंभर दिवसांत ती संपते. तुमच्या अर्जाला तर वर्षं झाली. एकशे एकाव्या दिवसानंतर उशिराची किंमत शून्य, हे त्या साहेबांनाही ठाऊक असणार. शास्तीचे पैसे सरकारजमा होतात, तुम्हाला मिळत नाहीत. तरी ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते, म्हणून तिची धास्ती असते. उशीर का झाला हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

कलम 20(2) खाली शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस मागता येते. इथं जपून बोला. 2012 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशी शिफारस रद्द केली, कारण वाजवी कारण नसताना आणि वारंवार कसूर झाली हे आयोगानं तपासून लिहिलं नव्हतं. म्हणून अर्जात 'वारंवार' हा शब्द नुसता टाकू नका, तारखा द्या: मूळ अर्जाला उत्तर नाही, पहिल्या अपिलाचा आदेश पाळला नाही, आयोगाचा आदेश पाळला नाही. तीन वेळा, तीन तारखा. मधे अधिकारी बदलला असेल तर कोणत्या काळात कोण होतं तेही लिहा. नव्या माणसाला जुन्याच्या पापाची शिक्षा आयोग देणार नाही आणि देऊही नये.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कलम 19(8)(ब) खालची नुकसानभरपाई. ही तुम्हाला मिळते, सार्वजनिक प्राधिकरणानं द्यायची असते, आणि तिला कायद्यात वरची मर्यादा घातलेली नाही. पुण्याच्या फेऱ्या, बुडालेला रोजगार, झेरॉक्स, टपाल यांचा कागद जपून ठेवला असेल तर तो जोडा. नसेल तर आजपासून ठेवा.

आणि इथं एक खाचखळगा आहे. त्यात मी स्वतः एका अशिलाला घेऊन पडले होते, म्हणून सविस्तर सांगते. आयोगाकडं जायची दोन दारं आहेत: कलम 18 ची तक्रार आणि कलम 19 चं अपील. दोन्ही सारखीच दिसतात. माझ्याकडं आलेल्या एका शेतकऱ्याच्या बाबतीत मी फक्त तक्रार केली, कारण तिला फी नव्हती आणि ती लवकर लागेल असं वाटलं. आयोगानं अधिकाऱ्याला शास्ती केली आणि प्रकरण बंद केलं. माहिती दिलीच नाही, कारण 12 डिसेंबर 2011 च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की कलम 18 च्या तक्रारीत आयोग माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही, त्यासाठी कलम 19 चं अपीलच हवं. तोवर अपिलाची मुदत निघून गेली होती. त्या माणसानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तुमचं अपील झालंय आणि आदेश हातात आहे, म्हणून तुमचं तसं होणार नाही. तुम्हाला आता कलम 18 ची तक्रार उपयोगी आहे, आणि ती एका खास कारणासाठी. या कलमाखाली चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात: समन्स काढणं, माणसाला हजर व्हायला लावणं, शपथेवर जबाब आणि प्रतिज्ञापत्र घेणं, कार्यालयातून अभिलेख मागवणं. काही राज्यांतल्या आयोगांनी सुनावणीला न येणाऱ्या अधिकाऱ्यांवर जामीनपात्र वॉरंटही काढली आहेत. पण ते वॉरंट माणसाला समोर आणण्यापुरतं असतं, आदेश मोडल्याची शिक्षा म्हणून नसतं. मावसभावाला हा फरक समजावून सांगा. वर्तमानपत्रात 'माहिती अधिकाऱ्यावर वॉरंट' असं वाचून आयोगाला अवमानाचा अधिकार मिळाला असं लोकांना वाटतं.

कुणी तुम्हाला पोलीस ठाण्यात जाऊन भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली, म्हणजे लोकसेवकाचा आदेश मोडल्याबद्दल, तक्रार द्यायला सांगेल. त्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ती ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याच्या लेखी तक्रारीवरून. तुमच्या तक्रारीवर ते पुढं सरकणार नाही, त्यामागं लागू नका.

आता भिजलेल्या फाइलीकडं येऊ. हे उत्तर मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण आपल्या भागात ते खरंही असू शकतं. 2019 ला आणि 2021 ला नदीकाठच्या कितीतरी कचेऱ्यांत पाणी शिरलं होतं, कागद उन्हात वाळत घातलेले मी स्वतः पाहिलेत. म्हणून खोटं आहे असं गृहीत धरून भांडू नका. खरं असेल तर त्याचाही कागद असायला हवा. पुरात कोणते अभिलेख खराब झाले याचा पंचनामा केला का? यादी केली का? वरिष्ठांना कळवलं का? ते केलं नसेल तर 'भिजली' हा शब्द फक्त शब्द आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2013 मध्ये म्हटलं आहे की 'सापडत नाही' एवढं सांगून सुटका होत नाही. नीट शोध घ्यावा लागतो, आणि आयोग त्याबद्दल चौकशी करून जबाबदारी ठरवायला सांगू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 सुद्धा आहे. नियमबाह्य रीतीनं अभिलेख नष्ट करण्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून तक्रारीत एवढंच मागा की अभिलेख केव्हा, कुठं, कसा नष्ट झाला हे माहिती अधिकाऱ्यानं प्रतिज्ञापत्रावर सांगावं. तोंडी बेफिकिरीनं बोलणारा माणूस शपथेवर सही करताना थांबतो. कारण खोटं प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणखी एक. मदतीचे पैसे बँकेत जमा झाले होते ना? मग यादी त्या एका कपाटात राहिली असणं शक्य नाही. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला यादी गेल्याशिवाय रक्कम सुटत नाही. तेव्हा जिल्ह्याच्या पातळीवर त्याच यादीसाठी नवा अर्ज करा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. त्यात कलम 4(1)(ब) चा उल्लेख करा. अनुदानाच्या कार्यक्रमांतल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं आपणहून जाहीर करायचा असतो, कुणी मागायची वाट बघायची नसते. हा अर्ज आधीच्या प्रकरणापासून वेगळा ठेवा. कोण जाणे, यादी तिथूनच आधी मिळेल.

'ही इतरांची वैयक्तिक माहिती आहे' असं नवं कारण आता निघू शकतं. तसं झालं तर डगमगू नका. आयोगाच्या आदेशानंतर माहिती अधिकाऱ्याला नवं कारण शोधत बसता येत नाही. आदेश मान्य नसेल तर त्यांनी उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती आणावी. स्थगिती आणली नाही आणि माहितीही दिली नाही, हीच तुमची बाजू.

आता उच्च न्यायालय. ताई, हे पत्र तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाठवलं असतं तर मला मुंबईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तुमच्या मिस्टरांचं 'सोडून दे' बरोबर ठरलं असतं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चालतात. या बेंचसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. तुमच्यासारख्या बाईला सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जाता यावं, हाच त्यामागचा अर्थ होता, असं मी मानते.

तिथं अवमान याचिका करू नका. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करा आणि एकच मागणी ठेवा: आयोगाचा जून 2025 चा आदेश अमुक दिवसांत पाळावा असा परमादेश, म्हणजे कार्यालयाला न्यायालयाचा हुकूम, द्यावा. मदतीची वाढीव रक्कम, घराचा दर्जा, दहा माणसांसमोरचं ते बोलणं, हे त्यात मिसळू नका. त्या बोलण्याचा राग मला पत्र वाचतानाही आला, पण ते याचिकेत घातलं की कागदाचा वाद मानापमानाचा होतो आणि न्यायालयाचं लक्ष भलतीकडं जातं. मूळ अर्ज तुमच्या नावानं आहे, म्हणून याचिकाही तुमच्याच नावानं हवी, सासूबाईंच्या नाही.

याचिकेआधी लेखी मागणी हवी. आदेशाची प्रत जोडून कार्यालय प्रमुखांना स्पीड पोस्टनं पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, पावती आणि पोच सांभाळा. त्याच दिवशी आयोगाकडं कलम 18 ची तक्रार टाका. पंधरा दिवस उलटले की याचिकेची तयारी सुरू करा, तक्रारीच्या निकालासाठी पुन्हा तीन वर्षं थांबू नका. सरकारी वकील म्हणतील की आयोगाकडं तक्रार प्रलंबित आहे, दुसरा उपाय उपलब्ध आहे, मग इथं कशाला? त्याला उत्तर आहे तो मणिपूरचा निकाल. तक्रारीतून शास्ती होईल, कागद मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयच सांगतं. मग तो उपाय पुरेसा कसा? तुमच्या वकिलांना हा मुद्दा आवर्जून दाखवा.

समजा उच्च न्यायालयानं चार आठवड्यांत माहिती द्या असा आदेश केला आणि तोही मोडला, तर मावसभावाचं म्हणणं तिथं लागू होतं. तो उच्च न्यायालयाचा स्वतःचा अवमान, आणि अनुच्छेद 215 प्रमाणे त्याबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार त्याला आहे. 1971 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि आदेश जाणूनबुजून मोडला हे दाखवावं लागतं. खरं सांगायचं तर तिथवर गोष्ट क्वचितच जाते. अवमानाची नोटीस निघाली की बहुतेक कार्यालयं कागद घेऊन हजर होतात, माफी मागतात आणि न्यायालय ती बऱ्याचदा स्वीकारतं. अधिकारी आत गेला नाही म्हणून तेव्हा हिरमुसू नका. तुम्हाला पंचनामा हवा होता.

आयोगालाच अवमानाचा अधिकार द्यावा का, असं मला पुष्कळ कार्यकर्ते विचारतात. मला ते पटत नाही. सुनावणीला तीन-तीन वर्षांनी आलेला माणूस चिडलेला असतो, त्याचा आवाज चढतो. अवमानाचं हत्यार आयुक्तांच्या हाती आलं तर ते अधिकाऱ्यावर किती आणि अशा अर्जदारावर किती चालेल, याची मला खात्री नाही. मला हवंय ते ग्राहक कायद्यासारखं: आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता यावा, आणि मोडणाऱ्याला ठरावीक शिक्षा असावी. कुणाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नको, आदेश पाळला की नाही एवढंच तपासावं. विधानसभेत आणि संसदेत आपली माणसं आहेत, त्यांना हे विचारायला आपण कमी पडतो.

पैशाचं शेवटी सांगते, कारण त्यामुळंच मिस्टर थांबवत असतील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत विधी सहाय्य मिळतं आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या किंवा कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात या. उच्च न्यायालयातल्या याचिकेसाठी वकील हवा आहे असं अर्जात स्पष्ट लिहा. येताना मूळ अर्जाची पोच, दोन्ही अपिलं, आयोगाच्या आदेशाची प्रत, ते भिजल्याचं पत्र आणि तुमचं आधार कार्ड एवढं आणा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून. आणि 2019 मध्ये कुणी मोबाईलवर त्या पडक्या घराचे फोटो काढले असतील, शेजाऱ्यांनी, भावकीनं, मदतीला आलेल्या पोरांनी, तर ते आजच मागून घ्या. पंचनामा मिळाला की त्यात काय लिहिलंय ते ताडून बघायला सासूबाईंच्या हातात ते फोटो असायला हवेत.